मान मोडून घेण्याआधी: कवटी, वरचे दोन मणके आणि खालचे पाच

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, दिवसभर संगणकासमोर काम. मान आणि डोक्याची मागची बाजू दुखते. एक्स-रेच्या रिपोर्टात लिहिलंय की मानेचा बाक सरळ झालाय, सी-५ आणि सी-६ (मानेचा पाचवा आणि सहावा मणका) यांच्यामधली जागा कमी झालीय आणि मणक्यांच्या कडांना हाड वाढलंय. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान दोन्ही बाजूंना मोडून घेतली की दोन दिवस बरं वाटतं. घरी मालीश करायला येणाऱ्या बाई आईचीही मान तशीच मोडून देतात, आणि आईला बरीच वर्षं रुमॅटॉइड संधिवात आहे. हे चालू ठेवावं का? आणि मुळात एवढं जड डोकं या लहानशा मणक्यांवर बसतं तरी कसं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तुमच्या रिपोर्टातल्या तिन्ही गोष्टींना घाबरू नका. आईची मान मोडणं मात्र आजच थांबवा आणि तिच्या मानेचा नीट एक्स-रे काढून घ्या. तुमची स्वतःची मानही सलूनमध्ये मोडून घेऊ नका. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल. मी मणक्यांच्या शस्त्रक्रिया करतो आणि मला सतत एकच गोष्ट दिसते: लोक मानेच्या खालच्या भागातल्या ‘गॅप’ला घाबरून झोप घालवतात, आणि जिथे खरोखर जपायला हवं त्या वरच्या दोन मणक्यांबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. म्हणून हे उत्तर लांब होणार आहे.

वाचता वाचता एक हात मानेवर ठेवा, म्हणजे शब्द हाताला लागतील.

कवटी म्हणजे एकसंध गोल हाड नव्हे. कानातली सहा इवली हाडं सोडली तर तिच्यात २२ हाडं आहेत, मेंदूभोवतीची ८ आणि चेहऱ्याची १४. त्यांतला खालचा जबडा तेवढा हलतो, बाकीची एकमेकांत घट्ट बसलेली असतात. तान्ह्या बाळात ती अजून सांधलेली नसतात, म्हणून टाळू मऊ लागते. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. मानेच्या दृष्टीने यांतलं एकच हाड फार महत्त्वाचं, ते म्हणजे मागचं आणि तळाचं ऑक्सिपिटल हाड. डोक्याच्या मागे मधोमध बोट फिरवा, एक उंचवटा लागेल. तो या हाडाचा. त्याच्या दोन्ही अंगांना आडव्या कडा जातात आणि मानेचे, खांद्याचे मोठे स्नायू तिथे चिकटतात. दिवसभर मान पुढे काढून बसल्यावर संध्याकाळी जिथे दाबावंसं वाटतं, ती जागा हीच.

आता त्या उंचवट्यावरून बोट सरळ खाली आणा. आधी एक खळगा लागेल आणि मग थोडं खोलवर पहिलं टणक हाड. बहुतेकांना वाटतं हा पहिला मणका. हा दुसरा आहे. पहिल्या मणक्याला मागे काटाच नसतो, त्यामुळे तो मागून हाताला लागत नाही. तो शोधायचा तर कानाच्या पाळीमागचं टणक हाड आणि जबड्याचा कोन यांच्या मधे अगदी हलक्या बोटाने चाचपा. आत खोल जे टोक जाणवतं ते पहिल्या मणक्याचं बाजूचं टोक. तिथे जोर लावू नका, जवळून महत्त्वाच्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. मान वाकवून आणखी खाली उतरलात की मानेच्या तळाशी जो ठळक काटा वर येतो, तो सहसा सातवा मणका. काहींच्यात त्याच्या खालचा, म्हणजे छातीचा पहिला मणका जास्त ठळक असतो, त्यामुळे मोजणी करताना आम्ही केवळ बोटावर विसंबत नाही.

मानेचे मणके सात. जिराफालाही सातच असतात, फक्त प्रत्येक मणका लांबच लांब असतो. जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांत हा आकडा बदलत नाही. स्लॉथ आणि मॅनाटी हे ठळक अपवाद. पण सात म्हटलं की सातही सारखे, असं समजू नका. वरचे दोन आणि खालचे पाच ही दोन वेगळी कुळं आहेत. त्यांची रचना वेगळी, काम वेगळं आणि आजारही वेगळे.

ऑक्सिपिटल हाडाच्या तळाला एक मोठं छिद्र असतं, फोरामेन मॅग्नम. मोठ्या माणसात ते पुढून मागे साधारण ३५ मिलिमीटर आणि आडवं ३० मिलिमीटर. मेंदूचा देठ याच दारातून खाली उतरतो आणि मज्जारज्जू होतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मुख्य धमन्यांपैकी दोन याच दारातून आत शिरतात. छिद्राच्या दोन बाजूंना खाली फुगीर असे दोन हाडांचे उंचवटे असतात, त्यांना काँडाइल म्हणतात. पहिल्या मणक्याच्या वरच्या अंगाला दोन खोलगट बैठका असतात. काँडाइल त्या बैठकांत बसतात, आणि साधारण साडेचार ते पाच किलोचं डोकं प्रत्यक्षात या दोन लहान सांध्यांवर टेकलेलं असतं. डोक्याचा भारमध्य या सांध्यांच्या थोडा पुढे येतो. म्हणून बसल्या बसल्या डुलकी लागली की हनुवटी छातीवर पडते, डोकं मागे जात नाही. आणि म्हणूनच जागेपणी मानेच्या मागच्या स्नायूंना सतत थोडा ताण धरून ठेवावा लागतो. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की घरातली म्हातारी माणसं ‘मान धरली’ म्हणतात, ते हेच काम त्या स्नायूंना जमायला लागलं म्हणून.

या सांध्यात मुख्य हालचाल होकाराची. पुढे-मागे मिळून सुमारे २५ अंश. फिरणं जवळपास नाही.

फिरायचं काम त्याच्या खालच्या सांध्याचं. इथे शरीराने जे केलंय ते दुसऱ्या कुठल्याच मणक्यात नाही. पहिला मणका, ॲटलस, याला मणक्याचं ‘अंग’च नसतं. इतर मणक्यांत पुढे भार घेणारा जाड हाडाचा ठोकळा असतो. ॲटलसमध्ये त्या जागी फक्त पातळ कमान आहे. गर्भात त्याचं अंग तयार होऊ लागतं, पण ते दुसऱ्या मणक्याला, म्हणजे ॲक्सिसला जाऊन मिळतं आणि त्याच्यावर उभ्या खुंटासारखं वर येतं. या उभ्या हाडाला डेन्स म्हणतात, उंची साधारण दीड सेंटिमीटर. जात्याच्या खालच्या दगडात मधोमध खीळ असते आणि वरचा दगड तिच्याभोवती फिरतो, तसा ॲटलस डोक्याला घेऊन डेन्सभोवती फिरतो. आपण मान एका बाजूला पूर्ण वळवतो तेव्हा जे ८०-८५ अंश मिळतात त्यांतले निम्मे, म्हणजे जवळपास ४० अंश, या एकाच सांध्यातून येतात. उरलेले निम्मे खालचे सगळे मणके मिळून देतात. रस्ता ओलांडताना मागून येणारी गाडी दिसते ती या सांध्याच्या जोरावर.

एवढं फिरता यावं म्हणून या भागाने हाडांची कुलुपं सोडून दिली आहेत. कवटी आणि ॲटलस यांच्यामध्ये गादी (दोन मणक्यांमधली लवचिक चकती) नाही. ॲटलस आणि ॲक्सिस यांच्यामध्येही गादी नाही. पहिली गादी येते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांच्या मध्ये. वर सगळी भिस्त अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणाऱ्या पट्ट्यांवर. त्यांतला सर्वांत मोलाचा ट्रान्सव्हर्स लिगामेंट: ॲटलसच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत डेन्सच्या मागून गेलेला जाड पट्टा. तो डेन्सला पुढच्या कमानीशी धरून ठेवतो. त्याच्या लगेच मागे मज्जारज्जू आहे. डेन्सच्या टोकापासून कवटीच्या तळाकडे दोन बाजूंना जाणारे आलर लिगामेंट वळण्याला मर्यादा घालतात.

ॲटलसच्या आतल्या जागेचा एक ठोकताळा डॉ. स्टील यांनी १९६८ साली मांडला आणि आम्ही अजून विद्यार्थ्यांना तोच शिकवतो: एक तृतीयांश जागा डेन्सची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि एक तृतीयांश मोकळी. ही मोकळी जागा म्हणजे शरीराने ठेवलेली सवलत. पट्टा थोडा सैल झाला आणि ॲटलस थोडा पुढे सरकला तरी मज्जारज्जू लगेच चेपत नाही. पण सवलत संपली की संपली. एक्स-रेमध्ये ॲटलसची पुढची कमान आणि डेन्स यांच्यातलं अंतर आम्ही मोजतो. मोठ्या माणसात ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. लहान मुलांत ५ मिलिमीटरपर्यंत चालतं.

तुमच्या आईचा प्रश्न इथे येतो. रुमॅटॉइड संधिवात फक्त बोटांचे आणि गुडघ्यांचे सांधे खात नाही. डेन्सच्या पुढे आणि मागेही सायनोव्हियमचं, म्हणजे सांध्याला आतून असणारं, अस्तर असतं, आणि हा आजार त्या अस्तरालाच सुजवतो. वर्षानुवर्षं सूज राहिली की डेन्सचं हाड झिजतं आणि तो पट्टा कुजल्यासारखा सैल होतो. सगळ्यांचं असं होत नाही, आणि हल्लीच्या औषधांमुळे पूर्वीपेक्षा कमी होतं. पण ज्याचा आजार जुना आहे, बोटं वाकडी झाली आहेत, त्याच्या मानेकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. अशा मानेला मालीशवाल्या बाईंनी हनुवटी धरून झटका दिला तर तो झटका कुठे जातो, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या बाईंचा दोष नाही. त्या मायेनेच करत असतील. त्यांना आजाराचं नाव आणि मान न मोडण्याचं कारण नीट सांगा. खांदे, पाठ, हात चोळायला काहीच हरकत नाही.

आईला स्वतः विचारा: ब्लाउजची हुकं लावायला, भात कालवायला, सुईत दोरा ओवायला पूर्वीपेक्षा त्रास होतो का? चालताना तोल जातो का, अंधारात जास्त जातो का? पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, असं होतं का? मान खाली घातली की पाठीतून विजेसारखी झिणझिण उतरते का? यांतलं एक जरी ‘हो’ असेल तर एक्स-रेवर न थांबता एमआरआय करून मणक्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. हाताची बोटं आधीच वाकडी असल्यामुळे ‘संधिवातामुळेच होतंय’ असं घरच्यांनाही वाटतं आणि डॉक्टरांनाही, आणि मज्जारज्जू दबल्याचं निदान मागे पडतं. हे मी फार वेळा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण दबलेला मज्जारज्जू मोकळा केला तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं.

हा भाग शस्त्रक्रियेने बांधता येतो, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. पूर्वी ॲटलस आणि ॲक्सिस मागून तारेने बांधत आणि मध्ये हाडाचा तुकडा ठेवत. मग महिनोन्महिने गळ्यात कडक पट्टा. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी थेट या दोन मणक्यांच्या बाजूच्या जाड भागांत स्क्रू घालून ते पट्टीने जोडण्याची पद्धत रुजवली, आणि १९९४ साली गोयल आणि लाहेरी यांचा त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. पुढे जर्मनीच्या हार्म्स यांनी २००१ साली पट्टीऐवजी सळई वापरून तिचं सुधारित रूप मांडलं. आज जगभर ही गोयल-हार्म्स पद्धत म्हणून केली जाते. आपल्या देशात जन्मजात दोष असलेले रुग्ण भरपूर येतात: ॲटलस कवटीलाच चिकटलेला, डेन्स कवटीच्या दारात वर घुसलेला, किंवा डेन्सचा वरचा तुकडा सुटा राहिलेला. क्षयरोगही या भागाला धरतो. या रुग्णांमुळेच इथल्या शल्यचिकित्सकांचा हात या अवघड जागेत तयार झाला. त्या जागेला अवघड म्हणायचं मुख्य कारण हाड नाही, धमनी आहे. आणि तुमच्या सलूनच्या प्रश्नाचं उत्तरही त्या धमनीत आहे.

मानेच्या प्रत्येक मणक्याच्या बाजूच्या फाट्यात एक छिद्र असतं. हे मानेच्या मणक्यांचं वैशिष्ट्य. छातीच्या आणि कमरेच्या मणक्यांना ते नसतं. व्हर्टिब्रल धमनी सहसा सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरते (सातव्याच्या छिद्रातून सहसा फक्त शिरा जातात) आणि एकामागून एक छिद्रांतून वर चढते. दुसऱ्या मणक्यापर्यंत तिचा रस्ता बराचसा सरळ असतो. मग ॲटलसचं छिद्र जास्त बाहेरच्या बाजूला असल्याने तिला बाहेर वळावं लागतं. त्यातून वर आल्यावर ती ॲटलसच्या मागून आडवी वळते, मागच्या कमानीवरच्या खोबणीतून आत येते आणि फोरामेन मॅग्नममधून कवटीत शिरते. तिथे दोन्ही बाजूंच्या धमन्या एक होऊन मेंदूच्या देठाला आणि लहान मेंदूला रक्त देतात. एवढी वळणं का? ॲटलस ४० अंश फिरतो तेव्हा धमनी ताणली जाऊ नये, तिच्याकडे थोडी जास्तीची लांबी असावी, म्हणून. हळू फिरताना ही व्यवस्था उत्तम चालते. आपण स्वतः मान वळवतो तेव्हा स्नायू वेग आवरून धरतात.

दुसऱ्याने हनुवटी आणि डोकं धरून, स्नायू सैल झालेले असताना, शेवटच्या टोकाला अचानक झटका दिला की ते आवरणं होत नाही. धमनीच्या आतल्या थराला चीर जाऊ शकते. त्या चिरेत रक्त शिरून थर सोलला जातो, गुठळी होते, आणि ती पुढे मेंदूच्या मागच्या भागात अडकली की पक्षाघात. हे वारंवार होतं असं मी म्हणणार नाही. हे क्वचित होतं. पण होतं तेव्हा बऱ्याचदा तरुण, धडधाकट माणसाला होतं, आणि बदल्यात मिळणार होता तो दोन दिवसांचा हलकेपणा. हा सौदा मला कधीच पटलेला नाही. पार्लरमध्ये केस धुताना मान बेसिनच्या कडेवर मागे टाकून बराच वेळ ठेवल्याने अशाच तऱ्हेचा त्रास झालेल्या पाच रुग्णांची नोंद १९९३ साली अमेरिकेत वाइनट्राउब यांनी केली होती. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना बेसिनशी बसवताना मानेखाली टॉवेलची जाड घडी द्यावी आणि फार वेळ तसं ठेवू नये.

मान मोडल्यावर किंवा मोडली नसतानाही, पूर्वी कधी झाली नव्हती अशी एका बाजूची तीव्र मानदुखी किंवा डोक्यामागची दुखी अचानक सुरू झाली, आणि सोबत गरगरणं, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना ठसका, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू बधिर होणं, सरळ उभं न राहता येणं यांपैकी काहीही असेल, तर बाम चोळत बसू नका. पक्षाघातावर उपचार करणारं रुग्णालय गाठा, आणि मान मोडल्याचं तिथे आवर्जून सांगा. लाजून लपवलेली ही एक गोष्ट निदानाला उशीर करते.

आता तो ‘कट्’ आवाज. त्याने मणका जागेवर बसत नाही, कारण तो जागेवरून हललेलाच नसतो. सांध्याच्या पृष्ठभागांत द्रव असतो. ते पृष्ठभाग झटक्याने दूर झाले की आतला दाब उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते, आवाज त्याचा. ताणामुळे स्नायू काही काळ सैल पडतात, म्हणून बरं वाटतं. मूळ कारण तसंच राहतं, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा दुखतं. तुम्ही स्वतः मान वळवताना आपोआप आवाज आला आणि दुखलं नाही, तर त्याची काळजी करू नका.

खालचे पाच मणके, सी-३ ते सी-७, यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची रचना एकमेकांसारखीच आहे. पुढे ठोकळा, दोन ठोकळ्यांच्या मध्ये गादी, मागे कमान, कमानीच्या आत मज्जारज्जू. ठोकळ्याच्या वरच्या अंगाला दोन्ही कडांना हाड थोडं उंच आलेलं असतं, ते गादीला बाजूने आवरतं. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, तिची उंची घटते, मणके जवळ येतात आणि या कडा एकमेकींवर घासून वाढतात. रिपोर्टात जे ‘हाड वाढलंय’ लिहिलंय ते बहुतेक हेच. सी-५-६ आणि सी-६-७ या जागा सर्वांत जास्त झिजतात, कारण मान खाली-वर करताना मधल्या-खालच्या भागात सर्वांत जास्त वाकणं इथेच होतं.

नसांची मोजणी लोकांना गोंधळात टाकते. मणके ७, पण मानेच्या नसांच्या जोड्या ८. पहिल्या सात नसा आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात आणि आठवी सातव्याच्या खालून. म्हणून सी-५-६ची गादी सरकली तर दबते ती सहावी नस. तिची कळ दंडातून अंगठ्याकडे जाते. सी-६-७मध्ये दबते सातवी, ती मधल्या बोटाकडे. आठवी करंगळीकडे. कळ कोणत्या बोटात जाते हे नीट बघून आलात तर डॉक्टरांचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं. तुमच्या वर्णनात हातात कळ नाही, मुंग्या नाहीत, ताकद कमी नाही. म्हणजे एक्स-रेत दिसलेली झीज आहे, पण नस दबल्याची कुठलीही खूण नाही.

आणि झीज कुणाच्यात नसते? जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढून बघितले. २०१५ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८७.६ टक्के लोकांत कुठे ना कुठे गादी फुगलेली होती, आणि विशीतल्या मुलामुलींतही बहुसंख्यांची. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर दिसेल ते सगळं लिहितात, ते त्यांचं कर्तव्यच आहे. पण त्यातली कोणती ओळ तुमच्या दुखण्याशी जोडायची हे तपासणी केल्याशिवाय ठरत नाही. ‘बाक सरळ झालाय’ ही ओळ तर बऱ्याचदा दुखण्याने स्नायू आखडले किंवा एक्स-रेच्या वेळी हनुवटी थोडी आत घेतली एवढ्यानेही येते. तेवढ्यावरून गळ्यात पट्टा अडकवू नका. महिनोन्महिने पट्टा घातला तर ज्या स्नायूंनी डोकं पेलायचं तेच दुबळे होतात.

मग दुखतं कुठून? तुम्ही सांगितलेली डोक्यामागची दुखी मला वरच्या भागातली वाटते. कवटीचा तळ आणि पहिले दोन मणके यांना जोडणारे चार लहान स्नायू दोन्ही बाजूंना असतात. संगणकाचा पडदा खाली किंवा लांब असला की मान पुढे जाते, पण नजर समोर ठेवायची म्हणून डोकं मागे कलतं. हे लहान स्नायू तासन्‌तास आखडून राहतात. याच भागातून दुसऱ्या नसेची शाखा डोक्याच्या मागच्या कातडीला जाते. शिवाय मानेच्या वरच्या तीन नसांचे आणि चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेचे संदेश मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी पोहोचतात. म्हणून मानेतलं दुखणं कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवतं आणि लोक चष्म्याचा नंबर तपासत राहतात.

मोबाइलवर मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो, हे चित्र तुमच्याकडेही कुणीतरी पाठवलं असेल. तो आकडा २०१४ साली हंसराज यांनी संगणकावर मांडलेल्या गणितातून आला, जिवंत माणसाच्या मणक्यात मोजून नाही. दिशा बरोबर आहे: डोकं जितकं पुढे, तितकं मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं. पण तो आकडा बघून आपले मणके चेपले गेले असं समजायचं कारण नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. अर्ध्या-पाऊण तासाने उठा. भिंतीला पाठ टेकून हनुवटी हलकेच मागे घ्या, पाच-सात सेकंद धरा, सोडा. असं दिवसातून तीन-चारदा. खांद्याच्या फऱ्यांमधल्या स्नायूंना ताकद द्या. उशी एवढीच उंच असावी की कुशीवर झोपल्यावर मान खांद्याकडे लटकणार नाही. दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा हातात कळ उतरू लागली, तर पुन्हा दाखवा.

वरचे आणि खालचे मणके वेगळे आहेत हे अपघातात फार स्पष्ट दिसतं. टाळूवर वरून सरळ मार बसला तर ॲटलसचं कडं काही वेळा बाहेरच्या बाजूला फुटतं. जेफरसन यांनी १९२० साली हे वर्णन केलं, आणि कडं बाहेर उघडत असल्याने मज्जारज्जू बऱ्याचदा वाचतो. ॲक्सिसच्या दोन्ही बाजूंच्या हाडाचा एक मोड आहे, फाशी दिलेल्या माणसांत तो कसा होतो याचं वर्णन वुड जोन्स यांनी १९१३ साली केलं होतं. आज तो रस्त्यावरच्या अपघातांत दिसतो. म्हातारी माणसं बाथरूममध्ये घसरून कपाळावर पडली की डेन्स बुडाशी मोडू शकतो. टाके घालून घरी पाठवलेल्या आजोबांची मान आठवडाभराने दुखतच असेल तर सीटी स्कॅन करायलाच हवा, कारण तिथलं हाड सहज जुळत नाही. आणि खालच्या भागातला सर्वांत दुःखद मार उन्हाळ्यात येतो. विहिरीचं किंवा नदीचं पाणी तळाला गेलेलं असतं, पोरगा काठावरून डोक्यावर सूर मारतो, डोकं तळाला आपटतं आणि पाचवा मणका फुटून मागे मज्जारज्जूत घुसतो. श्वासपटलाची नस तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसांपासून बनते, त्यामुळे मार थोडा खाली असला तर श्वास चालू राहतो. पण हातापायांची ताकद जाते. गावातल्या प्रत्येक पोहणाऱ्या मुलाला हे सांगा: खोली माहीत नसलेल्या पाण्यात आधी पाय.

अशा वेळी मदतीला धावलात तर डोकं ज्या स्थितीत आहे त्याच रेषेत दोन्ही हातांनी धरून ठेवा, मान सरळ करायला किंवा पाणी पाजायला उचलू नका, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करा. श्वास बंद असेल तर मात्र श्वासाला पहिलं प्राधान्य.

लहान मुलांबाबत दोन गोष्टी. घसा किंवा टॉन्सिल सुजून गेल्यावर आठवड्याभरात मुलाची मान एका बाजूला वाकडी अडकली तर ‘उशी लागली’ म्हणून चोळू नका. त्या सुजेने ॲटलस फिरलेल्या स्थितीत अडकू शकतो, आणि लवकर आलात तर बहुतेकदा शस्त्रक्रियेविना सुटतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत हा अस्थिबंध जन्मतः सैल असू शकतो. अशा मुलाला कोलांट्या, जिम्नॅस्टिक शिकवण्याआधी मान तपासून घ्या.

आईच्या एक्स-रेचं शेवटचं सांगतो, कारण नेहमीच्या चिठ्ठीवर हे राहून जातं. फक्त समोरून आणि बाजूने काढलेला एक्स-रे पुरत नाही. मान सरळ असताना अंतर नॉर्मल दिसू शकतं. बाजूने दोन एक्स-रे मागा, एक मान पुढे वाकवून आणि एक मागे नेऊन, आणि तिसरा तोंड उघडून समोरून, ज्यात डेन्स दिसतो. मान आईने स्वतः, जमेल तेवढीच वाकवायची. तंत्रज्ञाने किंवा तुम्ही धरून वाकवायची नाही. दुखलं तर तिथेच थांबायचं. पुढे कधी गुडघ्याची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर ही फिल्म भूलतज्ज्ञांना आधी दाखवा, कारण पूर्ण भूल द्यावी लागली तर श्वासनळीत नळी घालायला ते मान मागे नेतात. अंतर ३ मिलिमीटरच्या आत असेल आणि हातापायांची काही तक्रार नसेल, तर तिचे संधिवाताचे डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुन्हा तपासत राहणं पुरेसं आहे.